परदेशी विद्यापीठातील भीमराव
(डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेची कथा)

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांची पाने वर्षागणिक वाढत आहेत, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. एके काळी त्या पानांवर मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्यांची नावे असत. पुढे पदवीधरांची आली. आणि आता तर अमेरिका, इंग्लंड, जर्मनी येथील विद्यापीठांत प्रवेश मिळविलेल्या मुलामुलींची नावे तेथे झळकू लागली आहेत. जळगावच्या किंवा धुळ्याच्या घरातून लेकरू साता समुद्रापलीकडे निघाले म्हणजे आईस त्याच्या जेवणाची काळजी, वडिलांस पैशाची आणि आजीस तेथील थंडीची. या सर्व काळज्या रास्तच आहेत. परंतु परक्या विद्यापीठात रुळणे म्हणजे नेमके काय, आणि तेथे रुळलेला मनुष्य मायदेशी परतल्यावर त्याचे काय होते, हा विचार आपल्या घरांतून फारसा होताना दिसत नाही. तो व्हावा म्हणून आम्ही यंदा एका थोर विद्यार्थ्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तो विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांस कोण ओळखत नाही? परंतु न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बावीस वर्षांचे भीमराव कसे राहिले, काय जेवले, कोणाबरोबर बसले-उठले, हे थोड्यांस ठाऊक असते. आणि त्या विद्यार्थिदशेचा एक दुःखद उपसंहार आपल्या खानदेशात, चाळीसगाव येथे, घडला हे तर त्याहूनही थोड्यांस. म्हणूनच हे चरित्र आपण, खानदेशच्या माणसांनी, विशेष लक्षपूर्वक वाचले पाहिजे.

मसूरची बैलगाडी

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडिलांस वाचनाची व भजनाची आवड. मुलांनी शिकावे हा त्यांचा ध्यास. आई भीमाबाई मुलाच्या बालपणीच निवर्तल्या. सातारच्या शाळेत हा मुलगा इतर मुलांपासून वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. तहान लागली तर शाळेचा शिपाई वरून पाणी ओतील तेव्हा ते ओंजळीने प्यावयाचे. शिपाई नसला म्हणजे पाणीही नसे.

१९०१ साली घडलेला एक प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. वडील तेव्हा खटाव तालुक्यातील एका गावी रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांस भेटावयास भीमराव, त्यांचे बंधू व बहिणीची मुले अशी बालमंडळी नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे वडिलांकडून कोणी न्यावयास आले नव्हते. मुले चांगल्या घरची दिसतात म्हणून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. पण जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. बाहेर बैलगाड्या पुष्कळ उभ्या होत्या, परंतु त्या मुलांस गाडीत घेण्यास एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर तोड निघाली. गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे! रात्र वाटेत जकातनाक्याजवळ काढावी लागली. डबा बरोबर होता, पण पाणी कोणी देईना; तेव्हा मुले उपाशीच निजली. वाचकांनी ही बैलगाडी ध्यानात ठेवावी. तिची आठवण आम्हांस पुढे पुन्हा करावी लागणार आहे.

सयाजीरावांचा आश्रय

पुढे कुटुंब मुंबईस आले. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या वेळी झालेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांस स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. याच केळुसकरांच्या शिफारशीवरून बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची वृत्ती दिली. येथे सांगावयास अभिमान वाटतो की, सयाजीराव हे जन्माने आपल्या शेजारचे. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचे. शेतकऱ्याच्या घरातून दत्तक जाऊन गादीवर बसलेल्या या राजास विद्येचे मोल कळले, आणि ती कोणास मिळत नाही हेही कळले.

१९१३ च्या प्रारंभी बी. ए. होऊन भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तोच २ फेब्रुवारीस वडिलांचे निधन झाले. घरी पत्नी रमाबाई, लहानगा यशवंत, थोरल्या भावाचा संसार आणि जेमतेम मिळकत. अशा स्थितीत महाराजांनी अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी विद्यार्थी पाठविण्याचे ठरविले आणि त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारपत्र झाले. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावयाची.

न्यूयॉर्कमधील पहिले दिवस

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया हे १७५४ साली स्थापन झालेले जुने व नामांकित विद्यापीठ. शहराच्या उत्तर भागातील उंचवट्यावर त्याच्या इमारती व मधोमध घुमटाचे भव्य ग्रंथालय. तेथे ओळखीचे असे कोणी नाही; हवा निराळी, बोलण्याची लकब निराळी.

प्रथम मुक्काम हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात झाला. परंतु तेथील अर्धकच्चे शिजविलेले, गोमांस असलेले अन्न त्यांस रुचेना. आठवडाभरातच त्यांनी ती जागा सोडली आणि ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबात बिऱ्हाड केले. तेथे काही हिंदी विद्यार्थी राहत असत, त्यामुळे परकेपणा थोडा हलका झाला. शेवटी ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहावयास गेले. तेथे नवल भथेना नावाचा पारशी तरुण त्यांच्याबरोबर राहत असे. हा स्नेह जन्मभर टिकला आणि पुढे अनेक अडचणींत भीमरावांच्या उपयोगी पडला. आपल्या मुलांनी यातून एवढे घ्यावे की, पहिली जागा मानवली नाही म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. भीमरावांसारख्यासही तिसऱ्या खोलीत स्थैर्य लाभले, आणि ते स्थैर्य खोलीपेक्षा सोबत्यामुळे लाभले.

चरित्रकार सांगतात की, आरंभीचे काही महिने भीमरावांचे मन अभ्यासावर स्थिर नव्हते. नवे शहर, नवे मित्र, गप्पागोष्टी यांत दिवस जात. हे वाचून आम्हांस ते अधिकच जवळचे वाटले. घराबाहेर प्रथमच पडलेल्या कोणत्याही तरुणाची अवस्था अशीच असते. परंतु लवकरच, आपण येथे कशासाठी आलो, घरी कोण वाट पाहत आहे आणि ही संधी देणाऱ्याचे ऋण किती मोठे आहे, हा विचार त्यांच्या मनात प्रबळ झाला. तेथून त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

समतेची सवय

येथे आम्ही या चरित्राच्या गाभ्याशी येतो. इतर हिंदी विद्यार्थ्यांस अमेरिकेत पोहोचल्यावर घरच्या सुखसोयींची उणीव भासे. भीमरावांची गोष्ट उलट होती. त्यांस तेथे असे काही मिळाले की जे घरी कधीच मिळाले नव्हते. वर्गात ते सर्वांच्या ओळीत बसत. भोजनगृहात चारचौघांबरोबर मेजावर, मांडीवर स्वच्छ रुमाल पसरून, ठरल्या वेळी जेवत. तहान लागली तर पेला उचलून पाणी पीत. स्नानगृह, वाचनालय, बाग, रस्ता, कोठेही जात कोणी पुसत नसे. ज्यांस या गोष्टी जन्मतःच लाभलेल्या असतात त्यांस त्यांचे मोल कळत नाही. गोणपाटावर बसलेल्या मुलास मात्र प्रत्येक दिवस नवा धडा शिकवीत होता. मनुष्याने मनुष्याशी असे वागणे शक्य आहे, हे त्यांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी तेथे भोजनाच्या मेजावर अनुभवले.

वडिलांच्या एका स्नेह्यास त्यांनी न्यूयॉर्कहून पत्र लिहिले. त्यात आपल्या समाजाच्या उन्नतीसाठी मुलांबरोबर मुलींच्या शिक्षणाकडेही लक्ष द्यावे, असे त्यांनी आग्रहाने सांगितले. परदेशी राहून घराकडे पाहिले म्हणजे घरातील उणिवाही स्वच्छ दिसू लागतात, त्याचे हे उदाहरण होय.

अमेरिका म्हणजे स्वर्ग होता असे मात्र कोणी समजू नये. विद्यापीठाच्या टेकडीच्या पायथ्याशीच हार्लेमची वस्ती पसरली होती, आणि कृष्णवर्णीय प्रजेस त्या देशात काय सोसावे लागे हे सर्वश्रुत आहे. ते भीमरावांच्या दृष्टीतून सुटले नाही. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान नेते डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार करून दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्याचा उल्लेख केला. तात्पर्य, परदेशाचे आंधळे कौतुक त्यांच्या ठायी नव्हते. तेथे जे चांगले ते त्यांनी घेतले. वाईट तेही पाहून ठेवले.

विद्येची तपश्चर्या

साडेअकरा पौंड म्हणजे त्या काळी सुमारे ५६ डॉलर. तेवढ्यात राहणे, जेवणे, पुस्तके आणि त्यातूनच घरी पाठवावयाची रक्कम. त्यामुळे नाटके, चित्रपट, सहली यांस फाटा मिळाला. एक पेला कॉफी, दोन लहान पाव आणि थोडे मांस किंवा मासे, असे त्यांचे जेवण असे. ग्रंथालयात ते तासन् तास बसत. उरलेला पैसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत खर्च होई. अशा रीतीने सुमारे २००० ग्रंथ त्यांनी जमविले, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे.

तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद विद्यापीठाच्या दप्तरी आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक, एकूण ६०. अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, इतिहासकार रॉबिन्सन व शॉटवेल अशा गुरुजनांच्या पायाशी बसण्याचे भाग्य त्यांस लाभले. ड्यूई यांची शिकवण अशी की, लोकशाही ही केवळ राज्य करण्याची रीत नसून एकत्र जगण्याची रीत होय. या विचाराचा ठसा भीमरावांच्या पुढील सर्व कार्यावर उमटला आहे.

त्याच सुमारास लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते. तेथील हिंदी विद्यार्थ्यांस स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढण्याचा त्यांचा प्रयत्न असे. भीमरावांशीही त्यांचे बोलणे झाले. परंतु शिक्षण पुरे होईपर्यंत अन्य कशातही पडावयाचे नाही, महाराजांस दिलेला शब्द मोडावयाचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. देशाविषयी आस्था नव्हती असे नव्हे. आधी हाती घेतलेले काम तडीस न्यावे, ही वृत्ती होती.

२ जून १९१५ रोजी त्यांस एम. ए. ची पदवी मिळाली. ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार व जमाखर्च हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ कशात, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर साधे आहे. जो समूह आपली दारे आतून लावून घेतो आणि लग्नसंबंध आपल्यातच ठेवतो, तो जात बनतो; एकाने दार लावले म्हणजे दुसराही लावतो, कारण सगळ्यांस वरच्याचे अनुकरण करावयाचे असते. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा हा निबंध पुढल्याच वर्षी एका मान्यवर नियतकालिकात छापला गेला. आजही जगभरचे अभ्यासक तो वाचतात.

जून १९१६ मध्ये कोलंबियातील अध्ययन संपवून ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राच्या प्रख्यात विद्यालयात व ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला. परंतु वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. सामान व पुस्तके निराळ्या बोटीने रवाना केली होती. ती बोट पाणतीराने बुडाली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी भीमराव मुंबईस उतरले. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले, त्यातूनच घरची सोय लावून बडोद्याचे भाडे निघाले.

परतीची परीक्षा

परदेशात रुळण्याची परीक्षा भीमरावांनी उत्तम रीतीने पार पाडली होती. खरी अवघड परीक्षा स्वदेशी रुळण्याची होती. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ती बडोद्याच्या स्थानकावर पाय ठेवताच परत आली. राहावयाचे कोठे? हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे उघड होते. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, रखवालदाराच्या संमतीने, पारशी नाव लिहून ते राहिले. भाडे रोज दीड रुपया. माडीवर सामानाची अडगळ, मिणमिणता कंदील, वटवाघळांची फडफड आणि बोलावयास दुसरे माणूस नाही. लिव्हिंग्स्टन हॉलातील सोबत आठवून त्यांचा जीव किती तुटला असेल याची कल्पनाच करावी. अकराव्या दिवशी डझनभर माणसे काठ्या घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत निघून जाण्याचे त्यांनी बजावले.

भीमराव ओळखीच्या एका हिंदू मित्राकडे गेले. घरातले नोकर निघून जातील, ही त्याची अडचण. एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. तेथे पत्नीच्या सोवळ्याची अडचण. कोणी अपशब्द बोलले नाही. जागा मात्र कोणी दिली नाही. दिवसाचा उरलेला वेळ त्यांनी सार्वजनिक बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईचा रस्ता धरला. ज्या राजाने हजारो मैल दूर पाठवून त्यांस शिकविले, त्याच्याच राजधानीत त्या विद्येस पाठ टेकावयास जागा नव्हती. राजाची इच्छा असूनही नगर तयार नसेल तर काय होते, ते येथे दिसून आले.

परंतु भीमरावांनी हार खाल्ली नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दोन वर्षे प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १५०० रुपये दिले, नवल भथेना यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. बडोद्यास काठी घेऊन आले तेही पारशी होते आणि कर्ज देणारा मित्रही पारशीच होता. मनुष्याचे मोल जमातीवरून करणे किती व्यर्थ, हे यावरून वाचकांच्या ध्यानी येईल. एम. एस्सी., डी. एस्सी. व बॅरिस्टर होऊन १९२३ साली ते परतले. कोलंबियाची पीएच. डी. प्रबंध छापून सादर केल्यानंतर १९२७ साली मिळाली. तो ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांस अर्पण केला आहे.

चाळीसगावचा टांगा

आता आपल्या खानदेशाकडे वळू. मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यास नेमलेल्या समितीचे डॉ. आंबेडकर हे सभासद होते. या कामासाठी १९२९ साली ते खानदेशात आले. काम आटोपून मुंबईस परतताना चाळीसगावला उतरून धुळे फाट्यावरील एका गावी त्यांस जावयाचे होते. तेथील सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करावयाची होती. चाळीसगावच्या महारवाड्यातील मंडळींनी स्थानकावर येऊन एक रात्र तरी आमच्याकडे मुक्काम करावा, असा आग्रह धरला. त्यांचे मन मोडवेना. गावची चौकशी करून ते परतीच्या गाडीने चाळीसगावला आले. मंडळी हार घेऊन उभीच होती.

स्थानकाबाहेर टांगे पुष्कळ होते. तरी पाहुण्यास नेण्याची काही हालचाल होईना. तासाभराने एक टांगा आला. त्यात डॉ. आंबेडकर एकटेच बसले. मंडळी जवळच्या वाटेने पायी निघाली. थोडे अंतर जाते न जाते तोच समोरून येणाऱ्या मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरील पुलाशी वळण होते. पुलास कठडा नव्हता, केवळ अंतराअंतरावर दगड उभे केलेले. तेथे घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, डॉ. आंबेडकर उंच फेकले जाऊन फरशीवर पडले आणि घोडा टांग्यासह खाली नदीत कोसळला. ते बेशुद्ध झाले होते. रडत-ओरडत धावत आलेल्या मंडळींनी त्यांस उचलून महारवाड्यात नेले. पायाचे हाड मोडले होते. कित्येक दिवस त्यांस चालता येईना.

हे कसे घडले याचा उलगडा मागाहून झाला. महाराचा टांगा हाकणे कमीपणाचे म्हणून एकही टांगेवाला यावयास तयार नव्हता. पाहुण्यास पायी न्यावे हे महारवाड्यातील मंडळींस बरे वाटेना. तेव्हा एका टांगेवाल्याशी तडजोड झाली. त्याने टांगा भाड्याने द्यावा, हाकणार मात्र नाही. म्हणून त्यांच्यातीलच एकाने लगाम हाती घेतले. बिचाऱ्यास टांगा हाकण्याची सवय नव्हती. प्रेमाने व अभिमानाने केलेल्या व्यवस्थेत पाहुण्याचा प्राण जावयाची वेळ आली.

वाचकहो, आता मसूरची ती बैलगाडी आठवावी. मसूर १९०१ आणि चाळीसगाव १९२९. मधल्या २८ वर्षांत कोलंबियाची व लंडनची विद्या, बॅरिस्टरी, कायदेमंडळाचे सभासदत्व एवढे सारे पदरी पडले. पण गाडी हाकण्यास तेव्हाही कोणी नव्हते आणि आताही नव्हते. पदव्यांनी मनुष्य किती बदलला! परंतु स्थानकाबाहेरचा रस्ता जसाच्या तसा राहिला. ज्या टांगेवाल्याने लगाम धरण्याचे नाकारले त्याचे नाव इतिहासास ठाऊक नाही. तो कोणी दुष्ट होता असे मानण्याचेही कारण नाही. तो आपल्या गावातील, आपल्या बाजारातील, तुमच्याआमच्यासारखा प्रपंच करणारा साधा मनुष्य होता. म्हणूनच ही गोष्ट अधिक विचार करावयास लावते.

डॉ. आंबेडकरांनी खानदेशाविषयी मनात अढी धरली नाही. जुलै १९३७ च्या अखेरीस ते न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंग किल्ल्याच्या परिसरातील लांडोर बंगल्यात राहिले. त्या स्मरणार्थ ३१ जुलै रोजी हजारो लोक दरवर्षी तेथे जमतात. पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली. विहिरी, तलाव, रस्ते, उपाहारगृहे सर्वांस खुली झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना मॅट्रिकनंतर शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली. मुंबईस सिद्धार्थ व औरंगाबादेस मिलिंद ही महाविद्यालये उभारली. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांस सन्माननीय डॉक्टरेट दिली. एकोणचाळीस वर्षांपूर्वी ज्या अंगणात ते अनोळखी म्हणून शिरले होते, तेथेच हा गौरव झाला. मात्र गुरुवर्य ड्यूई यांची भेट व्हावयाची ती राहूनच गेली. चारच दिवसांपूर्वी, १ जूनला, ते निवर्तले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले.

आपल्यासाठी बोध

परदेशी निघालेल्या मुलामुलींस या चरित्रातून पुष्कळ शिकता येईल. जागा मानवली नाही तर बदलावी. एक तरी जिवलग मित्र जोडावा, तोही आपल्या जातीबाहेरचा. पैसा बेताने वापरावा. ग्रंथालय सोडू नये. ज्याच्या बळावर आलो त्यास विसरू नये. परंतु हा बोध केवळ मुलांनी घ्यावा आणि वडीलधाऱ्यांनी ऐकून सोडून द्यावा, असे होऊ नये.

आज आपल्याच जळगावात व धुळ्यात बाहेरगावची मुले शिकावयास येतात. १९९० साली येथे विद्यापीठ स्थापन झाल्यापासून सातपुड्यातील पाड्यांवरून, नंदुरबारकडून, लहान लहान खेड्यांतून ती येत आहेत. त्यांच्यासाठी जळगाव हेच न्यूयॉर्क. खोली शोधीत ती दारोदार हिंडतात, तेव्हा घरमालकाचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, आडनावाचा असतो. आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच दिली गेल्याचे सांगण्यात येते. आपल्या सभासद कुटुंबांपैकी अनेकांच्या माडीवर अशा खोल्या आहेत. न्यूयॉर्कच्या परक्या लोकांनी एका हिंदी विद्यार्थ्यास जे सहज दिले, ते आपण आपल्याच मुलखातील विद्यार्थ्यास देऊ नये काय? काठी घेऊन कोणी येत नाही, ही प्रगती खरी; पण गोड शब्दांत मिळालेला नकारही नकारच असतो, हे बडोद्याच्या त्या मित्रांच्या उदाहरणावरून दिसते.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सुचवितो. ही स्मरणिका ज्ञातीची आहे. तिच्या शेवटच्या पानांवर वधूवरांची सूचीही आहे. ज्ञातिसंस्थांनी वसतिगृहे बांधली, शिष्यवृत्त्या दिल्या, गरिबांची मुले शिकविली. हे ऋण आम्ही विसरत नाही. परंतु जातीचे दार आतून लावलेले असते, हे त्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९१६ सालीच सांगून ठेवले आहे. आतून लावलेले दार आतूनच उघडावे लागते. मंडळाच्या शिष्यवृत्तीतील एक तरी दरवर्षी ज्ञातीबाहेरच्या गरजू विद्यार्थ्यास द्यावी आणि ज्यांच्याकडे खोली आहे त्यांनी ती आडनाव न विचारता द्यावी, अशी आमची सर्व सभासद बंधुभगिनींस विनंती आहे. आपली मुले परदेशातून परततील तेव्हा समतेची सवय लागूनच परततील. त्यांस येथे पुन्हा परके वाटू नये, एवढी तयारी आपण त्यांच्या येण्यापूर्वी करून ठेवू या.